तीन कपाटांची टीम

कुठल्याही बायोलॉजी डिपार्टमेंटमध्ये दोन गोष्टी साचत जातात. एक फॉर्मलिनच्या बरण्या आणि दुसरे किस्से. बरण्यांवर निदान लेबल तरी असतं. माझे किस्से मात्र तसेच पडून असतात आणि मैत्रिणी जमल्या की आपोआप बाहेर येतात. ऐकणाऱ्या पोट धरून हसतात. माझं मात्र सांगताना दर वेळी नव्यानं डोकं फिरतं!

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी मूळची चिपळूणची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी सिल्वासाला आले आणि इथल्या एका कॉलेजात चौदा वर्षं झूऑलॉजी शिकवतेय. आमचे हेड दवे सर, बॉटनीचे, वलसाडकडचे. मराठी उत्तम समजतं त्यांना, पण रागावले की गुजरातीच. पाटील सर शहाद्याचे, इकॉलॉजी शिकवतात आणि कुठल्याही भांडणात "जाऊ द्या ना भो" एवढंच बोलतात.

आणि चौथी मनीषा भोया. खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिथून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली पहिली मुलगी. आम्ही तिघं परमनंट, ती हंगामी. तिला दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची आणि वर्ष संपताना कमिटी ठरवायची, पुढची द्यायची की नाही. धाकटा भाऊ आणि बहीण दोघं तिच्याच जिवावर शिकत होते. त्यामुळे आमच्या लेखी जे 'रिन्यूअल' होतं, ते तिच्या घरी वर्षभर चालणारं काळजीचं प्रकरण होतं.

बास. आता ऐका.

*

आमच्या लॅबमध्ये तीन लोखंडी कपाटं आहेत. एक दवे सरांचं, एक पाटील सरांचं, एक माझं. तिन्हींना कुलपं, आणि किल्ल्या ज्याच्या त्याच्या पर्समध्ये नाहीतर खिशात. कुठलाही सरकारी नियम असं सांगत नाही, पण पूर्वीपासून हे असंच. मनीषाला कपाट नव्हतं. तिच्या वाट्याला खिडकीखालचा एक कट्टा आला होता.

तिच्या पहिल्याच टर्मला पेशी-विभाजनाचं प्रॅक्टिकल आलं. तयार स्लाइड्स दवे सरांच्या कपाटात होत्या. ती मागायला गेली तर सर म्हणाले, "मनीषाबेन, ए तो मारी स्लाइड्स छे. फुटली तो?"

मनीषानं सिल्वासातल्याच आमलीच्या बाजारातून कांदे आणले. ती आणि एक नर्स मिळून आमलीतच खोली घेऊन राहायच्या. तिथं खिडकीत चहाच्या ग्लासांवर कांदे ठेवून तिनं मुळं वाढवली. नर्सबाई चार दिवस चहा वाटीतून प्यायली! मग मनीषानं सकाळी मुळांची टोकं कापली, रंगवली, दाबून स्लाइड्स केल्या. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बघतच राहिले. प्रत्येक टप्पा स्वच्छ, वेगळा. सरांच्या जुन्या स्लाइड्समध्ये तर आता नुसता गुलाबी धुरळा दिसायचा.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाची माणसं तपासणीला आली. दवे सरांनी मोठ्या अभिमानानं त्यांना मनीषाच्या स्लाइड्स दाखवल्या. पाहुणे गेल्यावर त्या गोळा केल्या आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"सर, त्या मनीषाच्या आहेत," मी म्हटलं.

"सावंतबेन," सर शांतपणे म्हणाले, "आ तो डिपार्टमेंटनी प्रॉपर्टी छे!"

*

मग एके दिवशी वरून आदेश आला की प्रत्येक विभागानं 'टीम' व्हायचं. एकमेकांना आधार देणारी, हातात हात घालून शिकवणारी टीम! त्यासाठी दमणगंगेच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये दिवसभराची कार्यशाळा ठेवली होती.

ट्रेनर सुरतेचा. गळ्यात माइक, पायात पांढरे बूट. त्यानं आम्हाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा दिला. टोक आपल्या हातात धरायचं, गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा आणि त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. दवे सरांनी माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "सावंतबेन बहु टायमसर आवे छे." चौदा वर्षांच्या नोकरीचं माझं एवढंच कौतुक! मी पाटील सरांकडे फेकला. त्यांनी तो कुणाकडे फेकायचा म्हणून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि परत खाली ठेवला.

ट्रेनर खूश. हात पसरून म्हणाला, "देखिए, ये है आपका नेटवर्क! अब बताइए, आप सबको जोड़कर कौन रखता है?"

पाटील सरांना वाटलं, खरंच विचारतोय. ते म्हणाले, "ती इथं नाही. कार्यशाळा परमनंट लोकांचीच शे ना. ती तिकडे कॉलेजात आमच्या तिघांचे तास घेऊन राहिली."

*

आता माझाही एक किस्सा सांगते. नाहीतर म्हणाल, बाई दुसऱ्यांचेच उणे काढते.

कार्यशाळेनंतर माझा संताप मावेना. 'सहकार्य' या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ होता, जे कुणाला नको ते मनीषाला. परीक्षेची सुपरव्हिजन मनीषाला. पाहुण्यांसाठी रांगोळी मनीषानं काढायची. दवे सरांच्या सेमिनारचे पीपीटीसुद्धा तिनंच करायचे. ती नाही म्हणू शकत नव्हती, कारण वर्ष संपताना हेच लोक तिच्याबद्दल लिहिणार होते. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

एका दुपारी स्टाफरूममध्ये मी अक्षरशः फुटले. दवे सर आणि पाटील सर डबा खात होते. मी उभी राहून बोलत सुटले. "लाज वाटली पाहिजे आपल्याला! एका मुलीच्या अडचणीचा आपण फायदा घेतो. ती आपली कलीग आहे, मोलकरीण नाही! आजपासून ज्यानं त्यानं आपलं काम आपण करायचं!" पाटील सरांनी घास खाली ठेवला. दवे सरांनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, चला, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

तेवढ्यात दारातून मनीषा आली. दोन्ही हातांवर हनुवटीपर्यंत जर्नल्सची चळत.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमची गांडुळाची साठही जर्नल्स तपासून झाली. कुठं ठेवू?"

*

त्या दिवशी मी ठरवलं, भाषणं बंद. एकमेकांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायचं, बघायचं, शिकायचं. खरी टीम होते ती अशी. सुरुवात पाटील सरांपासून.

मी वही घेऊन त्यांच्या तासाला बसले आणि माणूस घामाघूम! अन्नसाखळी काढताना त्यांनी सापाला बेडकाच्या तोंडी दिलं. पुसलं, पुन्हा काढलं, परत तेच. डस्टर दोनदा खाली पडला. मी मान हलवून धीर द्यायला गेले तर त्यांना वाटलं मी नापसंती दाखवतेय. वर्गात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

तास संपल्यावर वर्गाचा सीआर, उत्तर प्रदेशातल्या एका कामगाराचा मुलगा, सरांजवळ गेला. खांद्यावर हात ठेवायचा तेवढा बाकी होता. हळूच म्हणाला, "सर, टेन्शन मत लो. आपकी इन्क्वायरी बैठी है ना? हम सब लिख के देंगे कि आप अच्छा पढ़ाते हो."

दुसऱ्या दिवशी पाटील सर माझ्या तासाला बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लई फास्ट बोलता. मी एम.एस्सी. आहे, तरी मला काही समजलं नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सावकाश बोलले.

*

मनीषाच्या तासाला मात्र आम्ही दोघं आनंदानं बसायचो. ती फळ्याजवळ कमी आणि बाकांमध्ये जास्त असायची. एक वाक्य इंग्रजीत, तेच गुजरातीत, मग एखाद्या पाड्यावरच्या मुलीसाठी तिच्या बोलीत. मुलं प्रश्न विचारायची. इतके, की कधी कधी तास संपला तरी सोडायची नाहीत.

पाटील सर तिथूनच बदलले, असं मला वाटतं. एकदा पानांच्या शिरांचं प्रॅक्टिकल होतं आणि तीस मुलांत सहा भिंगं. मनीषा मुलांचे गट पाडत होती. मागच्या बाकावरून पाटील सर उठले, लॅबच्या टोकाला गेले, आपल्या कपाटाचं कुलूप काढलं आणि एक खोका घेऊन आले. आत चोवीस भिंगं. सगळी नवी, प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा न फाडलेली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर! कधीपासून आहेत ही?"

"आठ वर्षं झाली असतील."

"आणि तुम्ही दिली नाहीत?"

पाटील सर माझ्याकडे बघतच राहिले. "कुणी मागितलीच नाहीत ना भो," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मीही माझ्या कपाटाचं कुलूप काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. आत काय निघालं ते विचारू नका. पाटील सरांना बोलायला मला तोंड उरलं नव्हतं.

*

दवे सर मात्र आमच्यात आले नाहीत. उलट त्यांचं आणि मनीषाचं बिनसलं, तेही एका झाडावरून.

कॉलेजच्या आवारात सरांनी हौसेनं झाडांवर पाट्या लावल्यात. हिरवा रंग, पांढरी अक्षरं, स्वतःच्या हातानं रंगवलेल्या. एक दिवस ते आम्हा सगळ्यांसमोर एफवायच्या मुलांना झाडं दाखवत होते. सायकल स्टँडजवळच्या झाडाशी थांबून म्हणाले, "आ अर्जुन. लखी लो."

मनीषाजवळ उभ्या असलेल्या एका मुलीनं तिला विचारलं, "मॅडम, हा तर सादडा आहे ना?"

आता अर्जुनाची साल पांढुरकी, गुळगुळीत. या झाडाची काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. म्हणजे ऐन, ज्याला इकडे सादडा म्हणतात. तो या भागातल्या लहान मुलालासुद्धा ओळखता येतो. मनीषानं शक्य तेवढ्या हळू सांगितलं, "सर, हा बहुतेक ऐन असावा. पाटी चुकून इथं लागली असेल."

सरांनी झाडाकडे बघितलंच नाही. पाटीकडे बोट दाखवलं. "बोर्ड पर शुं लख्युं छे? वांचो!"

मुलांनी वाचलं, "अर्जुन." आणि वहीत उतरवलं. ज्या मुलीनं विचारलं होतं, तिनंसुद्धा! मला रडू यायचं बाकी राहिलं. बायोलॉजीच्या डिपार्टमेंटमध्ये, झाडाच्या सावलीत उभं राहून, मुलं झाड सोडून पाटी शिकत होती.

सोमवारी मी मुद्दाम सायकल स्टँडवरून गेले. झाडावरची पाटी तशीच होती. मनीषाचं टाइमटेबल मात्र बदललं होतं. सोमवारी तिचा पहिला तास सकाळी साडेसातचा, दुसरा दुपारी साडेचारचा, आणि मध्ये काही नाही.

*

आणि आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण सांगताना अजून माझा आवाज चढतो.

वर्ष संपत आलं. मनीषाच्या ऑर्डरचं ठरवायला कमिटी बसणार होती. या खेपेला नवीन नियम होता. ज्येष्ठ शिक्षकांनी हंगामी शिक्षकाच्या वर्गात प्रत्यक्ष बसून निरीक्षणाचा फॉर्म भरायचा. मी माझा भरला, पाटील सरांनी त्यांचा. हेडचा फॉर्म बंद पाकिटात थेट कमिटीकडे जायचा. त्याचं वजन सगळ्यात जास्त. त्याच्यापुढे आमचे दोन्ही फॉर्म म्हणजे नुसती भर.

प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये लांब टेबल. मधोमध बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक वयस्कर बाई अध्यक्ष म्हणून. मूळच्या नाशिकच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांच्या एका बाजूला प्रिन्सिपॉल, दुसऱ्या बाजूला दवे सर. आम्ही दोघं भिंतीशी. आणि समोरच्या एकट्या खुर्चीवर मनीषा, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात.

बाईंनी पाकीट फोडलं. फॉर्म इंग्रजीत होता. त्या मराठीत सांगत गेल्या, कदाचित मनीषाला सगळं नीट कळावं म्हणून.

"शिक्षक पूर्ण तास जुन्या नोट्स वाचून दाखवतात. फळ्याचा वापर नाही. विद्यार्थ्यांकडे पाहत नाहीत. शेवटच्या बाकावरची मुलं मोबाइलवर होती. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवलं. विषय कंटाळवाणा केला. मुदतवाढ देऊ नये, अशी माझी स्पष्ट शिफारस."

मी उठलेच! पाटील सरांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. मनीषाचं तोंड पांढरं पडलं होतं. एका मुलीचं अख्खं वर्ष, कांद्याच्या मुळांपासून साठ जर्नल्सपर्यंत, सात ओळींत संपवलं होतं.

"तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" बाईंनी तिला विचारलं.

मनीषानं मान हलवली. नाही. मग म्हणाली, "मॅडम, कुठला तास होता तो? म्हणजे मला चूक कळेल."

बाईंनी फॉर्म उलटा केला. "टीवाय. तेरा तारीख, गुरुवार, तिसरा तास."

मनीषा विचारात पडली. "पण गुरुवारी मी कॉलेजात नव्हते, मॅडम," ती म्हणाली. "मी गलोंड्याला होते. एसवायच्या मुलांना घेऊन, फॅक्टरीच्या व्हिजिटला. सरांनीच पाठवलं होतं."

दवे सर चटकन म्हणाले, "टाइमटेबलमां एनुंच नाम छे. गुरुवार, तिसरा तास, मनीषाबेन. जोई लो."

"टाइमटेबलमध्ये असेल," बाई म्हणाल्या. "पण आपण वर्गात बसला होतात ना?"

सर पुढ्यातले कागद चाळू लागले.

माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. पाटील सर न विचारता केबिनबाहेर गेले. आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो. प्रिन्सिपॉलनी पंखा वाढवला. दोन मिनिटांत पाटील सर टीवायचं हजेरीपुस्तक घेऊन आले. आमच्याकडे तास जो घेतो, तो त्या दिवसाच्या रकान्याखाली सही करतो. त्यांनी तेरा तारखेचं पान उघडलं, तिसऱ्या तासावर बोट ठेवलं आणि पुस्तक बाईंच्या पुढे सरकवलं. बोलले काहीच नाहीत. त्यांचं ते नेहमीचं "जाऊ द्या ना"सुद्धा नाही.

बाईंनी पुस्तकातली सही बघितली. मग फॉर्मवरची. मग पुस्तक आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून दवे सरांकडे वळवले.

"सर, ही सही आपली?"

"हा."

"आणि ही?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फॉर्म हातात घेतला आणि स्वतःच लिहिलेल्या त्या सात ओळी पहिल्यापासून वाचल्या. सावकाश, प्रत्येक ओळीवर थांबत. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांना एवढ्या लक्षपूर्वक काही वाचताना कधी पाहिलं नव्हतं. मनीषाही त्यांच्याकडेच बघत होती.

वाचून झाल्यावर त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि हातानं नीट सरळ केला.

"रिपोर्ट तो साचो छे, बेन," ते म्हणाले. "फक्त शिक्षकनुं नाम बदली नाखो."